वऱ्हाडाची एसटी, नेत्याचं हेलिकॉप्टर आणि जळगावचं विमान

आजचा प्रश्न मला पुण्याहून जळगावला येताना, ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये शेजारच्या बर्थवरच्या मुलाने विचारला. साधारण माझ्याच वयाचा, हिंजवडीतलाच. म्हणाला, "भो, निवडणूक आली की आपल्याकडे दिवसाला चार-चार हेलिकॉप्टर उतरतात. लग्नात नवरी हेलिकॉप्टरने आली अशी बातमी दर सीझनला असते. भाड्याची विमानं देशात एवढी आहेत, मग त्यातलं एखादं रोज जळगाव-मुंबई का करत नाही? धुळे-पुणे का नाही?"

मी तेव्हा "परवडत नसेल" म्हणून कूस बदलली. पण झोप लागली नाही. परवडत नाही हे उत्तर म्हणजे कोड चालत नाही तर "बग असेल" म्हणण्यासारखं आहे. बरोबर असतं, पण त्यातून काही कळत नाही.

खरं उत्तर मला दुसऱ्या दिवशी धुळ्याला आबांकडे मिळालं. आबा म्हणजे माझे आजोबा. आयुष्यभर एसटीत होते, निवृत्त झाले ते वाहतूक नियंत्रक म्हणून. विमानात कधी बसले नाहीत. पण चार्टर म्हणजे काय हे त्यांनी मला एका शब्दात सांगितलं: प्रासंगिक करार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एसटीच्या गाड्या दोन प्रकारे धावतात. एक आपली नेहमीची. पाटी लागलेली, वेळ ठरलेली, एक प्रवासी असो की साठ, सुटणार. दुसरी प्रासंगिक कराराची. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, सप्तशृंगीगडाची यात्रा. अख्खी गाडी एका पार्टीने घ्यायची, पैसे आधी भरायचे, आणि हिशोब डेपोतून निघाल्यापासून डेपोत परत येईपर्यंतच्या किलोमीटरचा. म्हणजे गाडी रिकामी परतली तरी त्याचे पैसे वऱ्हाडाने दिलेले असतात. आबा म्हणाले, "करारात एसटीचं कधीच नुकसान होत नाही. नुकसान होतं ते पाटीच्या गाडीत. म्हणून पाटीची गाडी सरकारला चालवावी लागते. आसं शे भाऊ."

विमानाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात जे घडलं, ते जवळपास या चार वाक्यांत बसतं.

पाटीचं विमान पहिल्यापासून कोणाच्या तरी आधारावरच उडालेलं आहे. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला जे विमान आणलं, त्यात प्रवासी नव्हते, टपाल होतं. टपालाचं कंत्राट होतं म्हणून ठरलेल्या दिवशी उडणं शक्य होतं. पुढे दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकन सैन्याची डकोटा विमानं भारतात स्वस्तात विकायला निघाली. ज्याच्याकडे पैसा होता त्याने विमान कंपनी काढली. आपल्याकडे एकाने केळीत पैसे कमावले की पुढच्या वर्षी अख्खा गाव केळी लावतो, तसं. 1950 मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या सगळ्याची चौकशी केली, तेव्हा दिसलं ते हेच, की धंद्याच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत. 1953 मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा आला. आठ देशांतर्गत कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, आणि वेळापत्रकाने प्रवासी नेण्याचा हक्क सरकारी महामंडळांपुरता राहिला. खासगी माणसाला उरलं ते बिनवेळापत्रकाचं उडणं. म्हणजे प्रासंगिक करार.

(रस्त्यावर त्याच सुमारास हेच चाललं होतं. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी सुटली आणि हळूहळू पाटीची गाडी सरकारची झाली.)

आता इथे एक व्याख्या सांगतो. कंटाळवाणी वाटेल, पण सगळी मेख तिच्यातच आहे. आपल्या 1937 च्या विमान नियमांत वेळापत्रकाची सेवा कशाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे. त्याच त्याच ठिकाणांमध्ये, छापील वेळापत्रकाप्रमाणे, किंवा इतक्या नियमितपणे की त्यात उघडउघड एक क्रम दिसतो, आणि ज्यात कोणीही सर्वसामान्य माणूस तिकीट काढून बसू शकतो, ती.

पुन्हा ऐका. "किंवा इतक्या नियमितपणे". म्हणजे तुम्ही वेळापत्रक छापलं नाही, पण रोज सकाळी सातला जळगावहून उडायला लागलात, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही चार्टर राहत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, हाताने स्क्रिप्ट चालवताय तोवर ठीक, रोज त्याच वेळेला चालवली की ती क्रॉन जॉब झाली, आणि मग तिचे सगळे नियम लागू.

त्यामुळे चार्टर कंपन्या देशांतर्गत मार्गांवर क्वचितच दिसतात याचं अर्धं उत्तर नावातच आहे. जी चार्टर कंपनी एखाद्या मार्गावर खरंच जम बसवते, तिला चार्टर म्हणणं बंद होतं. आणि जिचा जम बसत नाही, ती तो मार्ग सोडते. दोन्ही बाजूंनी आपल्याला चार्टर दिसत नाहीच.

हे नुसतं शब्दांचं नाही. याचं भारतातलं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या आई-वडिलांनी पाहिलंय. सरकारने ऐंशीच्या दशकात "एअर टॅक्सी" नावाची योजना आणली आणि 1990 नंतर ती बरीच सैल केली. 1953 चा कायदा तसाच होता, त्यामुळे खासगी कंपनीला वेळापत्रक छापायचा हक्क नव्हता. पण टॅक्सी म्हणून उडायला हरकत नव्हती. याच फटीतून 1992 मध्ये ईस्ट-वेस्ट आली. 1993 मध्ये दमानिया आली, जेट एअरवेज आली. मोठी बोइंग विमानं, गणवेशातल्या हवाई सुंदरी, गरम जेवण, आणि कागदावर काय? टॅक्सी! 1994 मध्ये तो जुना कायदा रद्द झाला आणि 1995 मध्ये जेटसारख्या कंपन्यांना रीतसर वेळापत्रकाचा परवाना मिळाला. मला ही गोष्ट फार आवडते. देशातल्या पुढे सगळ्यात मोठ्या झालेल्या खासगी विमान कंपनीची सुरुवात कागदोपत्री काळी-पिवळीच्या रांगेत झाली.

तुम्ही म्हणाल, मग युरोपात चार्टर कंपन्या एवढ्या मोठ्या कशा झाल्या? गोव्यात ऐंशीच्या दशकापासून हिवाळ्यात विमानं भरभरून परदेशी पर्यटक येतात, ती चार्टरच ना? हो. पण त्यांचा जन्मही नियमाच्या फटीतलाच. मे 1950 मध्ये व्लादिमिर राइट्झ नावाच्या माणसाने लंडनहून कॉर्सिका बेटावरच्या काल्व्हीला एक डकोटा भरून माणसं नेली. विमान, तंबूतलं राहणं, जेवण, सगळं मिळून 32 पौंड 10 शिलिंग. सरकारी कंपनीच्या पोटावर पाय नको म्हणून त्याला अट घातली होती, फक्त विद्यार्थी आणि शिक्षकच न्यायचे. पुढे अटलांटिकवर तर अशी अट होती की चार्टरने जायचं असेल तर तुम्ही एखाद्या क्लबचे सहा महिने जुने सदस्य हवेत. लोकांनी काय केलं असेल? क्लब काढले. कसलेही क्लब.

आणि आता त्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सकडे परत या. आपण ज्या स्लीपरने पुणे-जळगाव करतो, ती कायद्याने बहुतेक वेळा कंत्राटी गाडी असते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात दोन वेगळे परवाने आहेत, थांब्याथांब्यावर प्रवासी घेणाऱ्या गाडीचा वेगळा आणि एका कराराने अख्खी जाणाऱ्या गाडीचा वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत प्रवाशांची यादी लागते. म्हणजे कागदावर आपण सगळे, तो हिंजवडीचा मुलगा, खाली बाळ घेऊन बसलेल्या ताई, मागे पाय लांब करून घोरणारे काका, एका सहलीचे सहप्रवासी आहोत! दर शुक्रवारी तीच सहल. अटलांटिकवरचा क्लब आणि आपली ट्रॅव्हल्स, युक्ती एकच.

मग रस्त्यावर जमलेली ही युक्ती आकाशात का जमली नाही? आपल्या नियमांत तर थोडी मोकळीकही आहे. बिनवेळापत्रकाच्या परवान्यावर देशात सुट्या सीटा विकता येतात, फक्त वेळापत्रक जाहीर करायचं नाही. तरी का नाही?

मला वाटतं, युरोपातल्या चार्टरमागे जी गर्दी होती ती आपल्याकडे वेगळ्या आकाराची आहे. तिकडे हजारो माणसांना त्याच आठवड्यात, त्याच समुद्रकिनाऱ्यावर जायचं होतं, आणि मधे समुद्र किंवा हजार-दोन हजार किलोमीटर होते. शनिवारी नेलेली माणसं पुढच्या शनिवारी परत आणायची. नव्या माणसांना सोडून जुनी उचलली की विमान दोन्ही बाजूंनी भरलेलं. देशाच्या आत तेवढं अंतर नाही, हाताशी रेल्वे आहे, गाडी आहे. म्हणून तिकडेही चार्टरचा मोठा धंदा देशाबाहेरचाच राहिला. शिवाय 1944 च्या शिकागो करारात एक कलम आहे, परक्या देशाच्या विमानाला आपल्या देशातल्या दोन ठिकाणांमध्ये प्रवासी नेण्यापासून अडवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. गोव्यात आलेलं युरोपियन चार्टर कितीही मोकळं उभं असो, ते गोव्याहून मुंबईची सीट तुम्हाला विकू शकत नाही.

आपल्या खान्देशची गर्दी बघा. दिवाळीला सगळे पुण्या-मुंबईहून घरी येतात. विमान येताना भरेल, जाताना रिकामं. दिवाळी संपली की उलटं. लग्नसराईत वऱ्हाड शंभर-दोनशेचं, पण मुक्कामाचं गाव पाचोरा किंवा शिरपूर. आणि उरलेल्या दिवसांत मुंबईला कोण जातं? सोन्याचा व्यापारी, मंत्रालयात फाइल अडकलेला माणूस, परीक्षेला निघालेली मुलगी, आणि तपासणीला निघालेले पेशंट. रोज थोडे थोडे, वेगवेगळ्या कामाचे, एकमेकांना न ओळखणारे. या माणसांची मिळून एक पार्टी कधीच होत नाही, म्हणून करार कोण करणार? यांना पाटीचीच गाडी लागते. आणि तशी गाडी यांच्याकडे कधीची आहे. मुंबई-हावडा मुख्य मार्गावरचं स्टेशन, पंचवीस किलोमीटरवर भुसावळ जंक्शन. रात्री जळगावला झोपायचं, सकाळी दादरला उतरायचं.

आता जळगावच्या विमानाची गोष्ट. ही मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण हा प्रयोग आपल्या अंगणात झालाय.

जळगावची धावपट्टी जुनी, सत्तरच्या दशकातली. जळगावच्याच प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना तिचं नव्याने काम झालं आणि मार्च 2012 मध्ये त्यांच्याच हस्ते उद्घाटन झालं. धावपट्टी 1700 मीटर. छोट्या एटीआरला पुरते, एअरबसला नाही. मग पाच वर्षं पाटीचं एकही विमान नाही. यायची ती खासगी आणि भाड्याची विमानं. नेते, उद्योगपती, कधी पेशंटला न्यायला आलेली एअर अॅम्ब्युलन्स.

2016 मध्ये उडान योजना जाहीर झाली. कल्पना अशी की तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या सीटा 2500 रुपयांच्या आसपास विकायच्या आणि तोटा सरकारने तीन वर्षं भरून द्यायचा. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर कर. म्हणजे टाटांचं टपालाचं कंत्राट, नव्या रूपात. मार्च 2017 मध्ये पहिल्या फेरीत पाच कंपन्यांना 128 मार्ग मिळाले. त्या पाचांत दोन कंपन्या मुळात चार्टरवाल्या होत्या, एअर ओडिशा आणि डेक्कन चार्टर्स. दुसरी म्हणजे कॅप्टन गोपीनाथ यांची, तेच ज्यांनी 2003 मध्ये पहिली एअर डेक्कन काढून विमानाचं तिकीट सामान्य माणसाच्या हातात दिलं. जळगाव-मुंबई मार्ग मिळाला तो त्यांना. म्हणजे बर्थवरच्या त्या मुलाचा प्रश्न 2017 मध्ये प्रत्यक्ष विचारून झालाय: चार्टर कंपनीने रोजचा जळगाव मार्ग चालवला तर?

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. डिसेंबर 2017 अखेरीस पहिलं विमान आलं. आम्ही चौघे दोन बाइकवर कुंपणाबाहेर उभे. विमान 18 सीटचं बीचक्राफ्ट, लांबून खेळण्यातलं वाटावं एवढं. पण घरात त्याच्यावर चर्चा किती! आबांना तेव्हा दर दोन महिन्यांनी मुंबईला तपासणीला जावं लागायचं. रात्रभर गाडी, सकाळी दवाखाना, दिवसभर बाकावर, पुन्हा रात्रभर गाडी. सत्तरीच्या माणसाला हे किती होतं, ते ज्याने सोबत केलीय त्यालाच कळेल. पप्पांनी विमानाचं तिकीट काढू म्हटलं. आबा ऐकेनात. म्हणाले, "पाटी बघू दे आधी. सहा महिने त्याच वेळेला सुटलं, तर बसेन."

गंमत म्हणजे अडचण जळगावात नव्हतीच. ती होती मुंबईत. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट चालते, आणि तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं त्यावर चढतात-उतरतात. प्रत्येक जागा मोलाची. तिथे 180 सीटच्या विमानाला जेवढी वेळ लागते, तेवढीच 18 सीटच्यालाही लागते, उलट मोठ्याच्या मागे छोट्याला जास्त अंतर ठेवावं लागतं. मग वेळ कोणाला देणार? महाराष्ट्रातल्या उडान मार्गांचं घोडं बराच काळ याच स्लॉटवर अडलं होतं.

दुसरं, आकडे. 18 सीटांतल्या नऊ 2500 ने गेल्या तर 22,500 रुपये. बाकीच्या नऊ आणि सरकारी अनुदान यांतून इंधन, दोन वैमानिक, देखभाल, विमानाचं भाडं. आणि विमान एखाद-दुसरंच. कराराच्या धंद्यात विमान बिघडलं तर पार्टीला उद्याची तारीख देता येते. पाटीच्या धंद्यात राखीव गाडी लागते. आबा यावर फार जोर देत होते. प्रत्येक डेपोत एक-दोन गाड्या नुसत्या उभ्या असतात, बाहेरच्याला वाटतं फुकट उभ्यात. त्या उभ्या असतात म्हणून बाकीच्या वेळेवर सुटतात. चार्टर कंपनीचा तर सगळा हिशोबच असा की उभं विमान म्हणजे तोटा. दोन्ही धंद्यांत विमान तेच, वैमानिक तेच. सवयी उलट्या.

2018 मध्ये उड्डाणं अनियमित झाली, मग थांबली. वर्ष संपेपर्यंत सरकारने दोन्ही चार्टरवाल्या कंपन्यांचे बरेचसे मार्ग काढून घेतले. आबांचे सहा महिने काही भरले नाहीत. मुंबईच्या गाडीचं रिझर्वेशन आम्ही एकदाही रद्द केलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर 2019 मध्ये ट्रूजेट आली, मोठं एटीआर घेऊन, मुंबई आणि अहमदाबाद. मधे कोविड. 2022 च्या सुरुवातीला ट्रूजेटची सगळीच उड्डाणं थांबली. 2024 मध्ये गोव्याच्या फ्लाय91 ने जळगावहून गोवा आणि हैदराबाद सुरू केलं, पुढे पुणे, आणि त्याच वर्षी अलायन्स एअरने मुंबई. हे सगळे पाटीवाले. चार्टरवाला पुन्हा कोणी या वाटेला आलेला नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही आलो नसतो. पुणे-जळगाव विमान सुरू झालं तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर महिनाभर रोज ॲपवर बघत होतो, आज वेळेवर सुटलं का. आबांचा नातू शेवटी.

धुळ्याचं मात्र राहिलंच. गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथून पाटीचं विमान सुटत नाही. तिथे वैमानिक तयार होतात. जे. आर. डी. टाटा ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकले, त्याच क्लबचं प्रशिक्षण आता धुळ्याला चालतं. मागच्या महिन्यात आबांना स्कूटरवर मागे बसवून तिकडे घेऊन गेलो होतो. एक पिटुकलं विमान चढत होतं, गोल फिरत होतं, उतरत होतं, पुन्हा चढत होतं. अर्धा तास आम्ही कडेला उभे. आबांनी घड्याळ लावलं होतं, सवयच ती.

"बघ," म्हणाले, "दर सहा-सात मिनिटांनी. एकदम वेळेवर. फक्त कोणाला कुठे नेत नाही."